उन्हाळ्यात वाईन चाखताना आणि तिची नोंद ठेवताना : नवख्यांसाठी मार्गदर्शक

नाशिकची किंवा अकलूजची वाईन प्रथमच चाखणाऱ्या माणसाचा अभिप्राय बहुधा ‘आंबट आहे’ किंवा ‘कडक आहे’ एवढ्यावरच संपतो. तो चाखण्याचा प्रसंग एप्रिल-मे महिन्यातला असेल, तर हा अभिप्राय त्या वाईनला कितपत लागू पडतो याविषयी मला शंका असते. कारण बत्तीस अंशांच्या खोलीत कपाटातून काढून थेट ओतलेली लाल वाईन आणि फ्रीजरमध्ये विसरलेली, जिभेला बधिर करणारी पांढरी वाईन या दोन्ही आपला खरा स्वभाव दाखवूच शकत नाहीत. आपल्याकडे उपलब्ध असलेले वाईनविषयीचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेले आहेत आणि ते जसेच्या तसे मुंबई, नागपूर किंवा पणजीच्या घरात लागू केले की गोंधळ होतो. हा लेख त्या गोंधळातून वाट काढण्यासाठी आहे. तो तज्ज्ञ होऊ पाहणाऱ्यांसाठी नाही. घरी चार मित्रांबरोबर एखादी बाटली उघडावी, ती नीट चाखावी आणि पुढच्या वेळी उपयोगी पडेल अशी दोन-चार वाक्यांची नोंद ठेवावी, एवढीच ज्यांची अपेक्षा आहे त्यांच्यासाठी आहे.

आधी जमवून ठेवण्याच्या गोष्टी

- स्वयंपाकघरात वापरतात तो सुईसारखा टोकदार डिजिटल तापमापक. माझ्या मते या यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू हीच.
- दांडीचे, तोंडाशी किंचित निमुळते होणारे, नक्षी नसलेले काचेचे ग्लास; माणशी एक पुरतो, दोन असल्यास तुलना करता येते.
- बाटली गळ्यापर्यंत बुडेल अशी बादली किंवा उंच पातेले, आणि भरपूर बर्फ.
- बूच काढण्याचे साधन. नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना हल्ली फिरकीचे झाकण असते, पण सगळ्यांना नसते.
- पिण्याचे साधे पाणी, मीठ-मसाला नसलेला पाव किंवा साधे कुरमुरे, आणि चाखलेला घोट थुंकण्यासाठी एक भांडे.
- वही आणि पेन. मोबाइलमध्ये नोंद ठेवली तरी चालते, परंतु ओल्या हातांनी पडदा चालत नाही हे ध्यानात असू द्यावे.
- वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र. महाराष्ट्रात वाईनसाठी किमान वय २१ वर्षे आहे. येथील दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवान्याची तरतूद असून एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. तो मागून घ्यावा आणि बिलासोबत जपून ठेवावा.

१. आपल्या हवेतली द्राक्षे कशी पिकतात, हे आधी समजून घ्या

वाईनच्या द्राक्षांचे जगातले प्रसिद्ध प्रदेश साधारणपणे ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. नाशिक २० अक्षांशाच्या आसपास आहे. तरीही येथे वाईनची द्राक्षे होतात, यामागे दोन कारणे आहेत: समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंची आणि बागायतदारांनी साधलेले छाटणीचे वेळापत्रक. आपल्याकडे वेलीला थंडीची खरी विश्रांती मिळत नाही, म्हणून ती वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या फांद्या फुटण्यासाठीची) होते आणि पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळासाठीची छाटणी होते. त्यामुळे घड हिवाळ्यात भरतात आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडणी होते. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, अशा हवेत मण्यांत साखर चढते आणि आंबटपणाही टिकून राहतो.

या आंबटपणाला चाखताना फार महत्त्व आहे. द्राक्षातले मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने घटते. म्हणून फेब्रुवारी तापू लागला की तोडणीची घाई होते, काही ठिकाणी ती पहाटेच्या गारव्यात उरकली जाते, आणि उष्ण प्रदेशांत वाईन तयार करताना टार्टारिक आम्लाची भर घालण्याची पद्धतही सर्वमान्य आहे. फसफसणाऱ्या वाईनसाठी आंबटपणा जास्त लागतो, त्यामुळे तिची द्राक्षे सर्वांत आधी उतरवतात. एवढे माहीत असले की उष्ण हवेतल्या वाईनमध्ये पिकलेल्या फळाचा स्वाद ठळक, अल्कोहोल थोडे चढे आणि आंबटपणा मवाळ असण्याची शक्यता जास्त, ही अपेक्षा मनाशी धरून चाखता येते. आणि एखादी बाटली या अपेक्षेला छेद देऊन आंबटसर, ताजी निघाली तर ते नोंदवण्याजोगे असते.

२. बाटली निवडा, आणि ती उन्हातून वाचवून घरी आणा

सुरुवातीला तीनच प्रकार घ्यावेत: एक सोव्हिन्यो ब्लाँ, एक शेनिन ब्लाँ आणि एक शिराझ (पहिल्या दोन पांढऱ्या, तिसरी लाल; नावे द्राक्षांच्या वाणांची). तिन्ही द्राक्षे नाशिक परिसरात रुळलेली आहेत, त्यांचे दर आवाक्यातले असतात आणि एकमेकींपासून त्या इतक्या वेगळ्या आहेत की नवख्या जिभेलाही फरक कळतो. नाशिकच्या ‘सुला’ या वायनरीच्या (वाईन बनवण्याच्या कारखान्याच्या) पहिल्या वाईन २००० साली बाजारात आल्या, त्या सोव्हिन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ याच होत्या. पुढच्या टप्प्यावर अकलूजच्या ‘फ्रातेल्ली’ची सांजोव्हेजे ही लाल वाईन, कर्नाटकातल्या नंदी टेकड्यांजवळच्या ‘ग्रोव्हर’ची ला रिझर्व्ह, दिंडोरीच्या ‘शांदों’ची फसफसणारी ब्रूट (म्हणजे गोड नसलेली) किंवा निफाडच्या ‘रेव्हेलो’ची एखादी इटालियन वाणाची वाईन, असा परीघ वाढवता येईल. आयात केलेल्या वाईनने सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त आयात बाटलीने दुकानात पोचण्यापूर्वी किती बंदरे आणि किती गोदामे पाहिली, याचा पत्ता लागत नाही.

पांढरी व गुलाबी वाईन घेताना लेबलवरचे वर्ष पाहावे. हे वर्ष तोडणीचे असते. आपल्याकडची साधी पांढरी वाईन साठवून ठेवण्यासाठी केलेली नसते. ती एक-दोन वर्षांच्या आत प्यावी. दुकानात काचेच्या दर्शनी कपाटात, ऊन किंवा दिव्याचा झोत लागणाऱ्या जागी उभी असलेली बाटली, तिच्यावर कितीही सवलत असली तरी, सोडून द्यावी. आतल्या थंड कपाटातली बाटली मागितल्यास दुकानदार नाराज होत नाही. बाटलीचे बूच वर आलेले असेल, गळ्यापाशी चिकट ओघळ असेल किंवा वाईनची पातळी नेहमीपेक्षा खाली वाटत असेल, तर ती बाटली कुठेतरी तापलेली आहे असे समजावे.

नवखे लोक सर्वाधिक नुकसान करून घेतात ते परतीच्या प्रवासात. वायनरीतून उत्साहाने सहा बाटल्या घ्यायच्या, त्या गाडीच्या डिकीत टाकायच्या आणि वाटेत त्र्यंबकेश्वराला दर्शनासाठी दोन तास थांबायचे, हा क्रम मेमध्ये फार महागात पडतो. बंद गाडीच्या आतले तापमान पन्नास अंशांच्या वर सहज जाते आणि त्यात फळांचा ताजा स्वाद शिजून जातो. खरेदी सर्वांत शेवटी करावी, थर्माकोलचा खोका आणि बर्फाच्या दोन पिशव्या सोबत ठेवाव्यात, आणि बाटल्या डिकीऐवजी प्रवासी बसतात तेथे, पायांजवळ ठेवाव्यात.

आणखी एक सूचना, विशेषतः दिंडोरी-वणी मार्गाने सापुताऱ्याला जाणाऱ्यांसाठी. सापुतारा गुजरातमध्ये आहे आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. बाटल्या घेऊन ती सीमा ओलांडू नये. गोव्याहून महाराष्ट्रात मद्य आणतानाही आवश्यक परवाना घ्यावा. ‘दोनच तर बाटल्या आहेत’ हे कारण तपासणी नाक्यावर चालत नाही.

३. तापमान : सगळा खेळ येथे आहे

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला सर्वांनी ऐकलेला असतो. तो ज्या घरांसाठी दिला गेला, त्या दगडी भिंतींच्या युरोपीय घरांत खोलीचे तापमान सोळा-अठरा अंश असे. आपल्या दिवाणखान्यात उन्हाळ्यात ते तीस ते पस्तीस असते. तेवढ्या तापमानाला अल्कोहोलची वाफ जोरात उठते, ती फळाच्या वासावर मात करते, नाकाला झोंबते, आणि शिराझसारखी मुळात चांगली वाईन काढ्यासारखी लागते. उलट, अतिथंड वाईनमध्ये वास जवळजवळ बंद होतो आणि लाल वाईनचा तुरटपणा व कडवटपणा मात्र तीव्र होतो. म्हणून खालील मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात.

- फसफसणारी वाईन: ६ ते ८ अंश सेल्सियस
- सोव्हिन्यो ब्लाँ, शेनिन ब्लाँ व गुलाबी वाईन: ८ ते ११ अंश
- हलकी लाल वाईन: १३ ते १५ अंश
- शिराझ, कॅबर्ने यांसारखी भरीव लाल वाईन: १६ ते १८ अंश

लाल वाईन वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावी, असेही वाचनात येते. तो हिशेब बावीस अंशांच्या घराचा आहे. तीस अंशांच्या खोलीतली बाटली साध्या फ्रीजमध्ये सतरा अंशांवर यायला एक ते दीड तास आणि दहा अंशांवर यायला तीन तास सहज लागतात; भाजीपाल्याने गच्च भरलेल्या फ्रीजमध्ये त्याहून अधिक. घाई असेल तर बर्फाची बादली हाच खरा उपाय, मात्र तिच्यात नुसता बर्फ घालू नये. बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला थंडी नीट लागत नाही. निम्मा बर्फ व निम्मे पाणी घेऊन बाटली गळ्यापर्यंत बुडवावी; लाल वाईनला दहा मिनिटे आणि पांढरीला वीस मिनिटे पुरतात. मूठभर जाडे मीठ टाकल्यास वेळ आणखी कमी होतो. फ्रीजरचा मार्ग धरायचाच असेल तर गजर लावून धरावा, कारण गोठलेली वाईन फुगते आणि बूच ढकलते किंवा काच तडकवते.

तापमापक बाटलीत बुडवण्याची गरज नाही. पहिला लहानसा घोट ग्लासात ओतून त्यात टोक बुडवावे आणि आकडा नोंदवावा. आपल्या हवेत ग्लासातली वाईन दहा-पंधरा मिनिटांत काही अंशांनी चढते, म्हणून बाटली वरील मर्यादेपेक्षा दोन अंश अधिक गार असतानाच ओतायला घ्यावी.

ग्लासात बर्फाचे खडे टाकावेत का, हा प्रश्न प्रत्येक मैफलीत निघतो. पिण्यासाठी खुशाल टाकावेत. उकाड्यात बर्फ घातलेली गुलाबी वाईन मलाही आवडते. पण तिच्यावर अभिप्राय लिहू नये, कारण दर मिनिटाला ती पातळ होत असते. नाशिककरांना एक सोपा पर्याय सहज उपलब्ध आहे: बिनबियांची द्राक्षे धुऊन, कोरडी करून गोठवावीत आणि तीच ग्लासात सोडावीत.

४. वेळ आणि जागा

चाखण्यासाठी उत्तम वेळ सकाळी अकराच्या सुमाराची, असे व्यावसायिक मानतात, कारण तेव्हा पोट अर्धे रिकामे असते आणि जीभ ताजी असते. घरगुती मैफलीसाठी हे व्यवहार्य नाही. सूर्य मावळल्यानंतर, पण जेवणाच्या आधी बसावे. दुपारच्या उन्हातून आल्याबरोबर चाखू नये. तहानलेला माणूस कोणत्याही थंड पेयाला चांगलेच म्हणतो. आधी दोन ग्लास पाणी प्यावे आणि पंधरा मिनिटे बसावे.

जागेच्या बाबतीत वासाचे शत्रू ओळखावेत. देवघरातली उदबत्ती, डासांची कॉइल, शेजारच्या स्वयंपाकघरातली लसणाची फोडणी, अंगावरचे अत्तर आणि मोगऱ्याचा गजरा यांपैकी काहीही जवळ असेल तर सोव्हिन्यो ब्लाँचा नाजूक वास शोधणे व्यर्थ आहे. गजरा काढून ठेवायला सांगणे संकोचाचे असते, तेव्हा टेबलाचे दुसरे टोक देणे बरे. डोक्यावरचा पंखा मंद करावा. जोराच्या वाऱ्यात ग्लासातला वास नाकापर्यंत पोचत नाही. वातानुकूलित खोली असेल तर चोवीस-पंचवीस अंश ठीक आहेत. पान, तंबाखू, कडक कॉफी किंवा पेपरमिंट यांनंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा.

५. ओतणे आणि धरणे

ग्लासात एका वेळी ४० ते ५० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नये. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून अशा पंधराएक वाटण्या होतात, म्हणजे सहा माणसांना दोनदा चाखून उरते. थोडे ओतल्याने वाईन तापण्यापूर्वी संपते आणि बाटली बादलीत थंड राहते. यजमानाला सारखे उठावे लागते, त्याला इलाज नाही. ग्लास दांडीलाच धरावा. तळहाताची ऊब पांढऱ्या वाईनला मिनिटांत बिघडवते. दमट किनारपट्टीत ग्लासावर बाहेरून पाणी साचते, तेव्हा खाली कापडी रुमाल ठेवावा आणि रंग पाहण्यापूर्वी ग्लास पुसून घ्यावा.

६. पाहणे, हुंगणे, घोट घेणे

रंगावर फार वेळ घालवू नये. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून एवढेच पाहावे की पांढरी वाईन फिकट हिरवट-पिवळी आहे की सोनेरी-तपकिरीकडे झुकली आहे, आणि लाल वाईनची कड जांभळी आहे की विटकरी. तरुण वाईनमध्ये तपकिरी छटा दिसली तर पुढच्या पायरीवर सावध राहावे.

वास मात्र तीनदा घ्यावा: ग्लास न हलवता, हलकेच फिरवल्यानंतर, आणि पहिल्या घोटानंतर पुन्हा. या वेळी पुस्तकांतली फळे आठवण्याचा प्रयत्न करू नये. गूजबेरी किंवा ब्लॅककरंट ज्यांनी कधी खाल्लेली नाहीत, त्यांनी ती नावे लिहिण्यात काय अर्थ आहे? आपल्या मंडईत आणि मसाल्याच्या डब्यात पुरेसा साठा आहे. सोव्हिन्यो ब्लाँमध्ये ढोबळी मिरची कापताना येतो तो हिरवा वास शोधावा. तो त्या द्राक्षातल्या पायराझिन नावाच्या द्रव्यांचा असतो, त्यामुळे भास नव्हे. कच्चा पेरू, लिंबाचे पान, चुरगळलेले गवत हेही तेथे भेटतात. शेनिन ब्लाँमध्ये नासपती, खरबूज, कधी मध. शिराझमध्ये जांभूळ, करवंद आणि काळी मिरी. शिराझमध्ये आणि मिरीमध्ये रोटंडोन हे एकच सुगंधी द्रव्य आढळते. लाकडी पिंपात राहिलेल्या वाईनमध्ये व्हॅनिला, भाजलेले खोबरे, लवंग किंवा चुलीचा धूर जाणवतो.

घोट छोटा घ्यावा, तोंडभर फिरवावा आणि चार गोष्टी विचाराव्यात. गोडी आहे का? आंबटपणाने तोंडाला पाणी सुटते का? हिरड्यांवर तुरटपणा, कच्च्या सुपारीसारखा, राहतो का? गिळल्यावर घशात अल्कोहोलची ऊब जाणवते का, आणि ती बोचते का? त्यानंतर चव किती वेळ रेंगाळते तेवढे मोजावे. येथे एक सापळा आहे: फळाचा गोड वास आणि खरी साखर यांची नवख्यांकडून गल्लत होते. नाक चिमटीत धरून घोट घेतला की वास बाजूला पडतो आणि जिभेवर साखर खरोखर आहे की नाही हे कळते. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन ब्लाँ किंचित गोड ठेवलेल्या असतात. थंड असताना ही गोडी आंबटपणाच्या आड राहते आणि तापमान पंधराच्या वर गेले की पुढे येऊन चिकट वाटू लागते. गोव्यात स्वस्त मिळणाऱ्या गोड लाल ‘पोर्ट’ वाईनचेही तसेच. ती चांगली गार करूनच घ्यावी. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टशी तिची तुलना करू नये, कारण त्या पोर्टमध्ये द्राक्षाचे स्पिरिट घालून अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास नेलेले असते.

तीनपेक्षा अधिक वाईन चाखायच्या असतील तर घोट थुंकण्याची लाज बाळगू नये. क्रम फसफसणारी, पांढरी, गुलाबी, लाल, आणि गोड सर्वांत शेवटी, असा ठेवावा.

७. नोंद लिहिणे

नोंदीची पहिली ओळ तापमानाची असावी, दुसरी नावाची. हे उलटे वाटेल, पण सहा महिन्यांनी वही उघडल्यावर ‘आवडली नाही’ या शेऱ्याचे कारण बहुधा पहिल्या ओळीतच सापडते. माझ्या वहीतले काही नमुने येथे देतो; ते निर्णय म्हणून वाचू नयेत, लिहिण्याची रीत म्हणून वाचावेत.

‘९ अंश. नाशिकची सोव्हिन्यो ब्लाँ. मे, रात्री, बाहेर ३१. ढोबळी मिरची लगेच, मागून पेरू. आंबटपणा स्वच्छ, घोट लहान आणि सरळ. १४ अंशांवर मिरची गेली, नुसता पेरू उरला, थोडी पोकळ. कोथिंबीरवडीबरोबर उत्तम.’

‘२४ अंश, फ्रीज बंद होता. शिराझ, पिंपातली. नाकात स्पिरिट आणि धूर. जांभूळ शोधावे लागले. तीच बाटली बादलीतून १७ वर: मिरी, करवंद, तुरटपणा मऊ. दोन वेगळ्या वाईन वाटाव्यात इतका फरक.’

‘१५ अंश. अकलूजची सांजोव्हेजे. रंग पातळ, वासात आंबट चेरीपेक्षा कोकमाची आठवण. उन्हाळ्यात चालणारी लाल. मटणाला कमी पडेल, वांग्याच्या भरताला पुरेल.’

गुण देण्याच्या भानगडीत पडू नये. शंभरपैकी किती, हे ठरवण्यासाठी जेवढ्या वाईन चाखलेल्या असाव्या लागतात, तेवढ्या आपण चाखलेल्या नसतात. त्याऐवजी ‘पुन्हा घेईन का, आणि कशाबरोबर’ एवढे लिहावे. सोबतच्या लोकांनी आपापली नोंद लिहून झाल्यावरच बोलावे, हा नियम मी कटाक्षाने पाळायला लावतो. पहिल्याने ‘जांभूळ’ म्हटले की उरलेल्या पाचांनाही जांभूळच येते.

८. खाण्याची सांगड

चाखून झाल्यावरच खाणे मांडावे. तिखटाचा नियम प्रथम: मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो आणि तुरट लाल वाईनने अधिक खरखरीत होतो. म्हणून मिसळ, तांबडा रस्सा किंवा वऱ्हाडी चिकन यांबरोबर चौदा टक्क्यांची शिराझ उघडू नये. गार, किंचित गोड शेनिन ब्लाँ तेथे खरोखर दिलासा देते. नारळाच्या मालवणी किंवा गोव्याच्या आमटीलाही तीच. तळलेल्या खाऱ्या पदार्थांना फसफसणारी ब्रूट अप्रतिम लागते, मग ते रवा लावलेले बोंबील असोत की साबुदाणा वडे. आंबट पदार्थासमोर वाईन त्याच्याइतकी किंवा त्याहून आंबट हवी, नाहीतर ती सपक लागते. कोकम घातलेल्या कालवणाबरोबर सोव्हिन्यो ब्लाँ टिकते, मवाळ कॅबर्ने टिकत नाही. सोलकढी आणि वाईन एकाच वेळी घेऊ नयेत.

९. वाईन वाईट आहे की बाटली बिघडली आहे?

ओल्या गोणपाटाचा किंवा भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास बुचातल्या दोषामुळे येतो. त्यावर घरी उपाय नाही. कापून ठेवलेल्या, तांबूस पडलेल्या सफरचंदाचा वास म्हणजे हवा लागली. शिजवलेल्या मुरांब्यासारखा, थकलेला वास म्हणजे उष्णतेने घात केला, आणि आपल्याकडे मला हाच दोष सर्वाधिक भेटतो. सिरका किंवा नेलपॉलिशचा वास तीव्र असेल तर बाटली बाजूला ठेवावी. काडेपेटीच्या गंधकाचा हलका वास मात्र ग्लास फिरवल्यावर बहुधा उडून जातो. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे चमकदार खडे दिसले तर घाबरू नये. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, थंडीत तयार होतात आणि निरुपद्रवी असतात.

उपाहारगृहात लाल वाईन गरम आली, तर बर्फाची बादली मागण्यात काहीही गैर नाही. एका नामांकित ठिकाणी वाढप्याने मला ‘रेड थंड करत नाहीत’ असे ठामपणे सांगितले होते. तापमापकावर एकोणतीस दाखवल्यावर बादली आली.

१०. वायनरीत जाऊन चाखायचे असेल तर

जानेवारी ते मार्च हा काळ निवडावा. तोडणी चालू असते, हवा सुसह्य असते आणि द्राक्षे टाकीत पडताना पाहता येतात. गंगापूर धरणाच्या परिसरात ‘सुला’, ‘यॉर्क’ आणि ‘सोमा’ एकमेकींच्या जवळ आहेत. इगतपुरीकडे ‘ग्रोव्हर झांपा’ आणि ‘व्हॅलोन’ आहेत. एका दिवसात दोनच ठिकाणे करावीत. शनिवार-रविवार टाळावेत, जागा आधी राखून ठेवावी आणि निघण्यापूर्वी तो दिवस ‘ड्राय डे’ नाही याची खात्री करावी. निवडणुकीच्या काळात या तारखा अचानक वाढतात. चाखण्याच्या दालनात वाईन योग्य तापमानाला मिळते, त्यामुळे तेथे आवडलेली बाटली घरी निराश करते तेव्हा दोष द्राक्षाचा नसून आपल्या कपाटाचा असण्याची शक्यता मोठी असते. तेथे आवडलेल्या वाईनचे तापमान विचारून लिहून घ्यावे.

गाडी चालवणारा वेगळा असावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे, आणि उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीराला स्वतःच्या अवस्थेचा अंदाज येत नाही. प्रत्येक ग्लासामागे ग्लासभर पाणी घ्यावे. गर्भवतींनी आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी हा उद्योग टाळावा किंवा डॉक्टरांना विचारावे.

११. उरलेली बाटली

उघडलेली बाटली उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर ठेवली तर सकाळी ती चाखण्यालायक राहत नाही. लालसुद्धा, झाकण घट्ट लावून, उभी, फ्रीजमध्येच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पिण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावी. पांढरी तीन-चार दिवस, लाल दोन-तीन दिवस आणि फसफसणारी विशेष झाकण असल्यास एक-दोन दिवस टिकते. न उघडलेल्या बाटल्यांसाठी वेगळे थंड कपाट नसेल, तर पंख्याच्या किंवा गॅसच्या जवळ, फ्रीजच्या माथ्यावर आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून त्या कधीही ठेवू नयेत. पलंगाखालचा अंधारा कोपरा त्यांतल्या त्यात बरा, आणि मार्चमध्ये घेतलेली पांढरी वाईन तेथे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत न ठेवता पावसाळ्याआधी संपवलेली बरी.